वणवा गडग्याशी येण्याआधी: कोकणातल्या उतारावरच्या बागेसाठी आणि घरासाठी सविस्तर तयारी

फेब्रुवारी लागला की सकाळी बागेत शिरताना माझी नजर आधी गवताकडे जाते, मोहराकडे नंतर. पाय दवाने भिजले तर जीव जरा निवांत होतो. ज्या दिवशी सकाळी सातलाच गवत कोरडं लागतं, मुठीत चुरगाळलं की भुगा होतो आणि वारा घाटाकडून येत असतो, त्या दिवशी बागेत चूल पेटत नाही आणि फवारणीचा पिंप पाण्याने भरून तयार असतो. हा लेख अशा दिवसांसाठी आहे.

आमची बाग खाडीपासून सड्याकडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठाराकडे, चढत जाणाऱ्या उतारावर आहे. वरच्या अंगाला कातळ, खालच्या अंगाला वर्षानुवर्षं पड असलेली जमीन. वणवा गडग्यापर्यंत, म्हणजे बागेभोवतीच्या दगडी बांधापर्यंत, अनेकदा आला, एकदा आत शिरला. त्या एका वेळेने मला एक गोष्ट पुरती पटवून दिली: आंबा-काजूची बाग वाचते ती मार्गशीर्ष-पौषात केलेल्या कामाने. मार्चच्या दुपारी धावपळ करून वाचवता येतं ते फार थोडं. म्हणून खाली लिहिलेलं बरंचसं काम धूर दिसण्याच्या महिना-दोन महिने आधीचं आहे.

आधी वारा ओळखायला शिका

पाऊस ऑक्टोबरात संपतो आणि मृगापर्यंत भरवशाचा थेंब नाही. पावसाळ्यात कमरेएवढं वाढलेलं गवत डिसेंबरअखेर उभ्याउभ्या वाळतं. पूर्वी ते उभं राहत नसे. गुरांसाठी आणि शाकारणीसाठी कापून त्याच्या उडव्या रचल्या जात. आता गोठे रिकामे, घरांवर पत्रे आणि जमिनीचा मालक मुंबईत. त्यात रानमोडी आणि घाणेरीची झुडपं माजली आहेत. रानमोडीच्या वाळलेल्या काड्या किती भडकतात ते चुलीत एक जुडी घालून बघा.

पण सरपण कितीही असलं तरी वणव्याला दिशा आणि वेग वारा देतो. किनाऱ्यावर रोज दोन वारे असतात. रात्री आणि सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा, दुपारी समुद्राकडून खारा वारा. साधारण दिवशी अकरा-बाराच्या सुमारास खारा वारा सुरू होतो, हवेत ओल आणतो आणि तापमान आवरतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र काही दिवस पूर्वेचा कोरडा वारा जोर धरतो आणि खाऱ्या वाऱ्याला दुपारपर्यंत अडवून धरतो. मग किनाऱ्यावरही पारा ३७-३८ च्या वर जातो, आणि आत घाटाच्या पायथ्याशी, रायगडातल्या भिऱ्यासारख्या ठिकाणी, त्याहून कितीतरी वर. हवामान खातं किनारपट्टीसाठी उष्णतेची लाट जाहीर करतं ती कमाल तापमान किमान ३७ अंश झालं आणि ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी किंवा अधिक वाढलं की. बहुतेक लोक तो इशारा उष्माघातापुरता वाचतात. बागायतदाराने तो वणव्याचा इशारा म्हणूनच वाचावा.

आता सर्वांत महत्त्वाचं. अशा दिवशी सकाळी लागलेली आग पूर्वेच्या वाऱ्याने खाली, समुद्राच्या अंगाला सरकत असते. लांबलचक, बारीक पट्टा. लोक तिच्या बाजूला उभे राहून निवांत झोडपत असतात. दीड-दोनला खारा वारा एकदम सुरू होतो आणि आगीची जी लांब बाजू होती तीच तिचं तोंड होते. अख्खा पट्टा एकदम चढाकडे वळतो. चढावर आगीचा वेग आधीच जास्त, कारण ज्वाळा वरच्या गवताकडे झुकलेल्या असतात आणि ते पेटण्याआधीच भाजून निघतं. ढोबळ हिशेब असा की उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग दुप्पट होतो. माणूस चढावर तेवढा धावू शकत नाही. म्हणून आमच्या वाडीत ठरलेलं आहे: पूर्वेचा वारा असलेल्या दिवशी एक जण फक्त वारा बघत उभा राहतो. माडाची झावळ कुठे वळते यावर त्याची नजर. झावळ्या सळसळायच्या थांबल्या, वारा पडला, की तो हाक देतो आणि सगळे आगीच्या वरच्या अंगाकडून बाजूला होतात. वारा पडणं म्हणजे तो फिरणार याची खूण आहे.

जाळरेषा: कधी, किती, कुठे

बागेभोवती गवत काढून स्वच्छ केलेल्या पट्ट्याला जाळरेषा म्हणतात. वनखातं जंगलात ती हिवाळ्यातच काढून घेतं, कारण आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरला जातो. आपणही जानेवारीअखेर ती पुरी करायची. मी पहिला हात नोव्हेंबरअखेर मारतो. गवत तेव्हा पिवळं पडू लागलेलं असतं पण मऊ असतं, ग्रास कटरच्या पात्याला दगडाची ठिणगी उडाली तरी पेटत नाही. मार्चमध्ये दुपारी ग्रास कटर चालवणं म्हणजे स्वतःच काडी ओढण्यासारखं. कातळाच्या जमिनीत पातं दगडावर आपटतंच. उशीर झालाच असेल तर सकाळी आठच्या आत आणि पाण्याचा पंप पाठीवर घेतलेला माणूस सोबत ठेवून.

रुंदी किती? सपाटीला आणि वरच्या अंगाला दहा-बारा फूट. खालच्या अंगाला, म्हणजे जिथून आग चढत येईल तिथे, वीस फूट. गवत कमरेएवढं असेल तर त्याहूनही जास्त. कापून भागत नाही. कापलेलं गवत दाताळ्याने ओढून बाहेर काढा आणि माती दिसेपर्यंत खरवडा. बोटभर जाडीचा पाचोळा राहिला तरी आग त्यावरून गोगलगायीसारखी सरकत आत येते, आणि ती कुणाला दिसतही नाही.

जाळरेषा नव्याने सगळीकडे काढावी लागत नाही. कोकणातल्या जमिनीत निम्मी तयार असते. कातळाचा उघडा तुकडा, पाणंद, पाखाडी (दगडी पायवाट), वहाळाचं (ओढ्याचं) कोरडं पात्र, आणि गडगा. त्यांना जोडत न्यायचं. गडग्याबद्दल मात्र सावध राहा. दगडाचा आहे म्हणून आग अडेल असं वाटतं, पण वर्षभराचा पाचोळा त्याच्या पायाशी साठतो, वर वेली वाळलेल्या असतात आणि दगडांच्या फटींत पानं भरलेली असतात. आमच्या बागेत आग शिरली ती गडग्यातूनच. बाहेरच्या बाजूला लागलेली पानं फटीतून धुमसत आत आली आणि आतल्या बाजूला साचलेल्या काजूच्या पानांना लागली. तेव्हापासून गडग्याच्या दोन्ही अंगांना चार-चार फूट झाडून घेतो. वेली नोव्हेंबरात कापतो, फटींतला पाचोळा ब्लोअरने उडवतो. त्या कपारींत साप-विंचू असतात, हात घालू नका.

जाळरेषेवर झुकलेल्या फांद्या, वाळका पडलेला ओंडका, बांबूचं बेट यांकडेही बघा. पेटलेला ओंडका उतारावरून गडगडत रेषेपलीकडे जातो. रेषेच्या वरच्या कडेला आडवे पडलेले ओंडके आधीच हलवा.

रेषा काढण्यासाठी गवत जाळून टाकायची पद्धत आहे. मी एकट्यादुकट्याने ते करू नये असंच सांगेन. पंधरा माणसं, पाणी, डिसेंबरातली दवाची सकाळ आणि शेजाऱ्याला दिलेली आगाऊ कल्पना, एवढं सगळं असेल तरच. यातलं एक कमी असेल तर दाताळं बरं.

दुसरा हात शिमग्यानंतर. तोवर काजूची, आंब्याची पानं पुन्हा रेषेवर पडलेली असतात. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण हेच बहुतेक जण सोडतात.

बागेच्या आत

आळ्यात पालापाचोळ्याचं आच्छादन घालावं हे खरं, ओल टिकते. पण बाहेरच्या दोन ओळींत ते घालू नका. तिथे खोडाभोवती पाच-सहा फूट माती उघडी असू द्या. आच्छादन आतल्या ओळींना, आणि तेही खोडापासून हातभर लांब. खोडाला चिकटलेला पेटता पाला अर्धा तास धुमसतो आणि साल शिजवून टाकतो. वरून झाड हिरवं दिसतं आणि पावसात मरतं.

काजूखाली जास्त लक्ष द्या. बोंडं-बिया गोळा करायला सोपं जावं म्हणून लोक झाडाखालचा पाचोळा झाडून कडेला ढीग करतात आणि ढिगाला काडी लावतात. मार्चच्या भर उन्हात. कित्येक वणवे या ढिगांतून सुरू होतात. ढीग खड्ड्यात घालून त्यावर माती आणि शेणकाला टाका, पावसाळ्यात खत होईल.

आंब्याच्या राखणीला नेपाळहून आलेली माणसं ठेवली असतील तर त्यांच्या चुलीची सोय तुम्ही करून द्या. तीन बाजूंनी चिऱ्याचा आडोसा, भोवती दहा फूट स्वच्छ जमीन, जवळ पाण्याची बादली, आणि निखारे पाणी ओतून हाताने चाचपून मगच झोपायचं. हे त्यांना आल्या दिवशीच नीट समजावून सांगा. त्यांना इथला वारा माहीत नसतो. शक्य असेल तर गॅस द्या.

बागेवरून वीजवाहिनी जात असेल तर डिसेंबरातच खालून बघा. तारा झोळ खाऊन एकमेकींना लागतायत का, फांदी टेकते का. वाऱ्याने तारा घासल्या की ठिणग्या पडतात. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच कशाला हवी ते शेवटी येईल. तारांखालची पट्टी काहीही झालं तरी स्वच्छ ठेवायची.

पाणी आणि हत्यारं

आंबा बागायतदाराकडे अग्निशमनाचं अर्धं सामान असतंच: दोनशे लिटरचा पिंप, एचटीपी (जास्त दाबाचा फवारणी) पंप, शंभर मीटर पाइप आणि गन. पेट्रोलवर चालणारा पंप असेल तर फार बरं, कारण आग लागल्यावर वीज बंद करावी लागते आणि विहिरीवरची मोटर त्याच क्षणी निरुपयोगी होते. म्हणून टाकी जानेवारीपासून भरलेली ठेवायची. औषधाचा पिंप वापरणार असाल तर आधी धुऊन घ्या. कीटकनाशकाचा अंश असलेलं पाणी गरम धुरात उडवायचं नाही.

दोनशे लिटर दहाएक मिनिटांत संपतं. ते ज्वाळांवर उधळू नका. आगीच्या पुढे, जाळरेषेची आतली कड, गडग्याचा पाया आणि पहिल्या ओळीची खोडं भिजवायला वापरा. ज्वाळेवर मारायचंच असेल तर तिच्या बुडाशी, आडवा फवारा. पाठीवरचे सोळा लिटरचे पंप नंतर निखारे विझवायला सोन्यासारखे उपयोगी पडतात.

बाकी सामान: दोन कोयते, दाताळी, फावडी, ब्लोअर असेल तर ब्लोअर (जळत्या गवताच्या पुढचा पाचोळा उडवून क्षणात रेषा काढता येते), डोक्याच्या बॅटऱ्या, पिण्याचं पाणी. हे सगळं मांगरात, म्हणजे बागेतल्या सामानाच्या खोपटात, एका जागी, कुलपाविना. कपडे सुती आणि अंगभर. नायलॉन-टेरिकॉट वितळून कातडीला चिकटतं. पायात बूट. स्लिपर घालून आलेल्या पोराला मी परत पाठवतो, त्याला राग आला तरी.

घर, गोठा, मांगर

कौलांच्या वळचणीत आणि पन्हळीत साठलेली पानं काढा. उडती ठिणगी तिथेच बसते. पेंढ्याची उडवी, शेण्या, लाकडांची रास घराला टेकून असेल तर तीस फुटांवर न्या. पेंढा माळ्यावर असेल तर माळ्याच्या खिडक्यांना बारीक जाळी. मांगरात पेट्रोलचा कॅन, गॅस आणि फवारणीचं गंधक एकत्र ठेवलेलं असतं. गंधक पेटलं तर त्याचा धूर छातीत बसतो, माणूस जागच्या जागी गुदमरतो. ते वेगळं ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना जागा दाखवून ठेवा. मार्च ते मे गुरांची दावी एका झटक्यात सुटतील अशी बांधा.

भाजावळ: परंपरा आहे, पण वेळ पाळा

भाताचा तरवा (रोपं) काढायच्या जागेवर, म्हणजे दाढीवर, शेण, कवळ (झाडाच्या तोडलेल्या डहाळ्या), पाला, वर माती घालून भाजायची पद्धत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. तण मरतं, रोप जोमाने येतं, हे खरंच आहे. पण दाढ डोंगराच्या पायथ्याशी असते आणि भाजायचे दिवस नेमके मार्च-एप्रिल.

भाजायचं ठरलं असेल तर: दाढीभोवती दहा फूट माती उघडी करा. दवाच्या सकाळी, उजाडताच पेटवा आणि नऊपर्यंत संपवा. पूर्वेचा वारा असेल तर त्या दिवशी नाही. वारा ज्या टोकाकडे वाहतोय त्या टोकाकडून पेटवायचं, म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध हळू सरकेल. दोघं जण शेवटपर्यंत तिथेच. चहाला घरी जायचं नाही. खारा वारा सुरू होण्याआधी आतले धुमसणारे लाकडाचे तुकडे पाण्याने विझवा. शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगा.

न भाजताही भागतं. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ गादीवाफ्यावर, शेणखत घालून रोपं करायला सांगतं. नेरळच्या सगुणा बागेत तयार झालेल्या सगुणा राईस तंत्रात तर तरवा आणि लावणी दोन्ही नाहीत, कायमच्या वाफ्यांवर थेट टोकण. आमच्या दोन शेजाऱ्यांनी ते धरलं आणि त्यांचा कवळ तोडण्याचा त्रासही गेला.

गवत जाळलं की पुढच्या पावसात चांगलं येतं, असं जुनी माणसं म्हणतात. पहिल्या सरीनंतर काळ्या सड्यावर कोवळं हिरवं चटकन दिसतं म्हणून तो समज झाला. मृगाच्या पहिल्या जोराच्या पावसात त्या उतारावरून वहाळात जे काळं-तांबडं पाणी उतरतं ती जमिनीची वरची कस असलेली माती असते. शिवाय मार्च-एप्रिलमध्ये टिटव्या, चंडोल सड्यावर जमिनीतच अंडी घालतात. जळलेल्या सड्यावर टिटवीचं जोडपं दिवसभर एकाच जागेभोवती ओरडत फिरताना मी पाहिलंय. त्यानंतर सड्यावर काडी ओढायचा विचार कुणाच्या मनात येऊ नये.

गावकीची बैठक

रत्नागिरी-सिंधुदुर्गात डोंगर बहुतेक मालकीचे. रत्नागिरीत सरकारी वन तर फारच थोडं, त्यामुळे वनखात्याची माणसंही कमी. आग विझवायला पहिले पोचतो ते आपणच. शिमग्याला चाकरमानी आलेले असतात, पालखी नाचवायला अख्खी वाडी जमते. तेव्हाच एक तास बसा. पड जमिनीच्या मालकाला समोर बसवून त्याच्या हद्दीवरची रेषा काढायची परवानगी घ्या आणि मजुरी वाटून घ्या. मुंबईत फोन करून हे होत नाही, समोर बसल्यावर होतं.

याच बैठकीत देवराईभोवतीची रेषा कोण काढणार ते ठरवा. देवराईत पानांचा थर गुडघाभर असतो आणि आत शिरलेली आग दिवसेंदिवस मुळांशी धुमसते.

हे नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये: वनखात्याची हेल्पलाइन १९२६, अग्निशमन १०१, आपत्कालीन ११२, रुग्णवाहिका १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, वीज १९१२. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर नाव नोंदवलं की आपल्या भागात उपग्रहाला आग दिसल्यास मोबाइलवर संदेश येतो, फुकट. उपग्रह दिवसातून काही वेळाच वरून जातो. लहान किंवा दोन फेऱ्यांच्या मधली आग त्याला दिसत नाही. म्हणून सड्यावर एक जण ठेवलेला बरा.

भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार राखीव आणि संरक्षित वनात आग लावणं गुन्हा आहे (कलम २६ आणि ३३). वनात हक्क-सवलती भोगणाऱ्यांनी आगीची खबर देणं आणि विझवायला मदत करणंही कलम ७९ ने बंधनकारक आहे. बैठकीत हे शांतपणे वाचून दाखवा. कुणाकडे बोट न दाखवता पोचायचं तिथे पोचतं.

धूर दिसला की

पहिलं, फोन. दुसरं, वारा कुठून, चढ कुठे, हे उभं राहून एक मिनिट बघा. तिसरं, पळायची वाट ठरवा आणि सगळ्यांना मोठ्याने सांगा. सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे आधीच जळून गेलेली काळी जमीन किंवा उघडा कातळ. आगीच्या वर, चढावर कधीच उभं राहू नका, घळीत तर नाहीच. घळ धुराड्यासारखी ओढते.

ज्वाळा कमरेच्या वर असतील तर समोरून भिडू नका. मागे या, जाळरेषेवर थांबा आणि तिथे तिची वाट बघा. ज्वाळा कमरेखाली असतील तर शेपटीकडून, जळलेल्या बाजूला पाय ठेवून, दोन्ही बाजूंनी आवळत तोंडाकडे जा. हिरव्या पानांची दाट डहाळी घ्या, ऐनाची मिळाली तर उत्तम. आपटू नका. आपटलं की ठिणग्या पुढच्या गवतात उडतात. डहाळी आगीच्या कडेवर दाबायची आणि काळ्या बाजूला ओढायची, पोतेरं फिरवल्यासारखी. दोन माणसांत दहा फूट अंतर. दर दहा मिनिटांनी पुढचा माणूस बदला, धुराने डोकं जड होतं आणि ते त्याला स्वतःला कळत नाही.

वीजवाहिनीखाली आग असेल तर १९१२ वर कळवून पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत तिथे पाणी मारू नका. समोरून आग लावून वणव्याला भेट द्यायची युक्ती चित्रफितींत सोपी दिसते. ती प्रशिक्षित माणसांनीच करायची, वाऱ्याची एक झुळूक फिरली की दोन आगी होतात.

म्हातारी माणसं, मुलं आणि दमा असलेले आधीच वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला हलवा. तोंडाला एन९५ मास्क असेल तर तो. ओल्या फडक्याने डोळ्यात जाणारी राख अडते, बारीक धूर अडत नाही.

भाजलं तर वीस मिनिटं वाहतं साधं पाणी. बर्फ, हळद, टूथपेस्ट, शाई काही नाही. अंगठी-बांगडी सूज येण्याआधी काढा, स्वच्छ कपड्याने सैल झाका आणि १०८.

विझली म्हणून घरी जाऊ नका

आमच्याकडे आग शिरली त्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत ज्वाळा संपल्या होत्या. सगळे दमलेले, हात काळे. मी सर्वांना जेवायला घेऊन गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता, खारा वारा लागताच, पोखरलेल्या जुन्या काजूच्या खोडातून पुन्हा ज्वाळा निघाल्या. रात्रभर ती मुळांतून धुमसत होती. आदल्या दिवशी वाचलेली अकरा हापूसची कलमं त्या दुसऱ्या आगीत होरपळली. चूक माझी होती आणि ती मी विसरलो नाही.

तेव्हापासूनची आमची रीत: कडेपासून तीस फूट आतपर्यंत प्रत्येक खोड, वाळकी शेणाची पो, नारळाची सोडणं (वरची सालं), वाळवी लागलेला बुंधा फोडून, पाणी ओतून, मातीत कालवून थंड करायचा. उलटा तळहात जवळ नेऊन बघायचा, ऊब लागली तर पुन्हा पाणी. रात्री अंधारात एक फेरी, तेव्हा निखारे दिसतात. मग पुढचे दोन दिवस, खास करून दुपारी बारा ते चार, दोघांनी पहारा.

पंचनामा

त्याच दिवशी मोबाइलवर स्थान आणि वेळ उमटेल असे फोटो काढा, जळलेली झाडं मोजा, पोलिसांत नोंद करा, ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) आणि सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) यांना लेखी कळवा आणि पंचनाम्याची प्रत मागून घ्या. तारेच्या ठिणगीचा संशय असेल तर वीज कार्यालयाला आणि विद्युत निरीक्षकांना लगेच लेखी द्या, तारेखालची जागा हलवू नका. डिसेंबरातल्या अर्जाची पोच इथे लागते.

ही कामं सोपी व्हावीत म्हणून जानेवारीतच सातबारा तपासा. आमच्या जमिनीचा तो तुकडा उताऱ्यावर पोटखराब (लागवडीस अयोग्य) म्हणून होता आणि कलमं कागदावर नव्हतीच. जे कागदावर नाही त्याचं नुकसान कुणाला दाखवणार? ई-पीक पाहणीत फळझाडांची संख्या भरा, दरवर्षी. हवामानावर आधारित फळपीक विमा काढला असेल तर लक्षात घ्या, तो हवामान केंद्रातल्या पाऊस, तापमान, वारा यांच्या नोंदींवर चालतो. आगीसाठी वेगळं संरक्षण मिळतंय का ते बँकेत विचारा.

होरपळलेल्या कलमांचं काय करायचं

लगेच कुऱ्हाड लावू नका. पानं करपली म्हणजे झाड मेलं असं नाही. खोडाच्या चार बाजूंना चाकूने नखाएवढी साल खरवडून बघा. खाली ओलसर, हिरवट-पांढरं असेल तर जिवंत. तपकिरी आणि कोरडं असेल तर ती बाजू गेली. चारही बाजू तपकिरी असतील तरच आशा सोडायची.

संध्याकाळी थोडं थोडं पाणी द्या. खोडाला बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद पाच लिटर पाण्यात, एक किलो कळीचा चुना पाच लिटर पाण्यात, वेगवेगळे भिजवून प्लॅस्टिकच्या भांड्यात एकत्र. लोखंडी विळा बुडवून बघा, तांब्याचा थर चढला तर आणखी चुना. लहान कलमांवर झापाची सावली करा. होरपळलेल्या आंब्यावर भिरूड आणि काजूवर रोठा, या खोड पोखरणाऱ्या किडी, हमखास येतात. बुंध्याशी भुसा दिसतोय का हे आठवड्याला बघत राहा. उतारावरच्या जळक्या फांद्या उचलून नेऊ नका. त्या समतल आडव्या टाकून ठेवा, पहिल्या पावसाची माती त्यांच्यापाशी अडते.

छाटणी पाऊस स्थिरावल्यावर, फूट कुठून येते ते बघून. कलमाच्या जोडाच्या वरून फूट आली तर ती हापूसची, जोमदार एक-दोन ठेवून बाकी काढा. जोडाच्या खालून आली तर ती रायवळची, म्हणजे खालच्या गावठी आंब्याची, कितीही तजेलदार दिसली तरी. आमच्या अकरांपैकी सात जोडाच्या वरून फुटली. उरलेल्या चारांवर रायवळचे फुटवे सरळ वाढू दिले आणि पुढच्या वर्षी पावसात त्यांच्यावर जागेवरच हापूसच्या काड्या बांधल्या. त्यातल्या तीन धरल्या.